आटे, ठसे, नंबर: युद्धकालीन सुट्या भागांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जबलपूरइतके लष्करी लोखंड फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल. 1904 मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी स्थापन झाली. ऐन महायुद्धात, 1942 मध्ये, खमरियाचा दारूगोळा कारखाना आला आणि 1969 मध्ये व्हेइकल फॅक्टरी. जोडीला सेंट्रल ऑर्डनन्स डेपो, लष्कराचे बेस वर्कशॉप आणि सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहेच. एवढ्या ठिकाणांहून कंडम ठरलेला माल लॉटने लिलावात जातो, लॉट घेणारा तो पुढे वजनावर विकतो, आणि होता होता एक दिवस पितळेचा एखादा जड तुकडा तुमच्या हातात येतो. दोन कान, मधे फिरणारी चकती, काठावर पुसट आकडे. विकणाऱ्यालाही सांगता येत नाही की हे काय आहे.

अशा तुकड्यांना नाव आणि गाव परत मिळवून देणे हा आमचा विषय. त्यासाठी पदवी लागत नाही. लेथवर आयुष्य घालवलेला फिटर, इतिहासाची विद्यार्थिनी, जुनी जीप दुरुस्त करणारा हौशी, यांतल्या प्रत्येकाला एकेक गोष्ट दुसऱ्यापेक्षा जास्त दिसते. 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात जबलपूर होते. तिथल्या अनेक मराठी घरांतून माणसे या कारखान्यांत गेली, आणि त्यांच्या माळ्यांवर आजही असा ऐवज पडून असेल.

नवा अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो, ‘हे कशाचे?’ माझ्या मते हा प्रश्न शेवटचा. त्याआधी विचारायचे, हे कुणी बनवले, कुणी तपासून घेतले आणि कुठल्या डेपोत ठेवले. या तिन्हींच्या खुणा लोखंडावर राहतात. उपयोगाची खूण क्वचितच राहते. आकारावरून उपयोगाचा तर्क करणारे पंप समजून ब्रेकचा भाग जपत बसतात.

सुरुवात आट्यांपासून करावी. ठसा झिजतो, रंग उडतो, आटे मात्र आतल्या भोकात सुखरूप राहतात. चार सुती, म्हणजे अर्धा इंची, बोल्ट घ्या, रॉकेलमध्ये भिजवून आट्यांतली घाण काढा आणि पिच गेजचे पाते लावा. इंचाला 12 आटे भरले तर ते व्हिटवर्थ, म्हणजे जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये मांडलेली ब्रिटिश पद्धत. 13 भरले तर अमेरिकन. बारीक आट्यांत फरक आणखी उघड असतो: ब्रिटिश 16, अमेरिकन 20. दोन सुती आणि तीन सुती बोल्टांवर मात्र विसंबू नये. मोठ्या आट्यांत त्यांची संख्या दोन्ही पद्धतींत सारखीच, अनुक्रमे 20 आणि 16. एकाचा नट दुसऱ्यावर चढतोही. तिथे भिंग घेऊन माथा पाहावा लागतो. व्हिटवर्थचा कोन 55 अंशांचा आणि आट्याचा माथा गोलसर, अमेरिकनचा 60 अंशांचा. याच फरकाने दोस्त सैन्यांच्या कारखान्यांना युद्धभर छळले, आणि अखेर 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने एक समाईक पद्धत ठरवली.

जबलपूरच्या ढिगात तिसरी पद्धतही भेटते, मिलिमीटरची. शक्तिमान ट्रक जर्मनीच्या एमएएनच्या परवान्यावर बनले, जोंगा आणि निसान वन-टन जपानच्या निसानच्या. त्यामुळे ‘वर्ल्ड वॉरचा पीस’ म्हणून दाखवलेल्या भागाचे आटे मिलिमीटरचे निघाले, तर आधी शक्तिमान आणि जोंगा तपासावेत. पुष्कळदा शोध तिथेच संपतो, आणि त्यात निराश होण्यासारखे काही नाही. जोंगाचा इतिहासही कुणीतरी लिहायला हवाच.

मग ठसे. तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर माल भारताचा, ‘सी’च्या पोटात बाण असेल तर कॅनडाचा, दोन ‘डी’ंच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलियाचा. मुकुटाखाली ‘एएम’ म्हणजे एअर मिनिस्ट्री, ‘आरएफआय’ म्हणजे इशापूरची रायफल फॅक्टरी. ‘एन’, ‘एम’ किंवा ‘एस’ आणि पुढे आकडा असेल, तर तो ब्रिटिश कारखान्याचा सांकेतिक क्रमांक: उत्तर, मध्य किंवा दक्षिण विभाग. ‘एम 47’ म्हणजे बीएसए. जीपच्या बोल्टाच्या माथ्यावर वळणदार ‘एफ’ दिसला तर ती फोर्डने बांधलेली जीप, विलीजची नव्हे. निदान तो बोल्ट तरी फोर्डचा.

‘निदान तो बोल्ट तरी’ एवढी सावधगिरी पदोपदी लागते. भारतात युद्धकाळात बांधलेली चिलखती गाडी, जिला सैनिक ‘टाटानगर’ म्हणत, तिचे पोलादी पत्रे जमशेदपूरचे होते आणि चेसिस कॅनडाच्या फोर्डची. तिचा एक्सल सापडला तर ठसा कॅनडाकडे बोट दाखवणार, पत्रा सापडला तर भारताकडे, आणि दोन्ही खरे. 19 नंबरच्या वायरलेस संचाचेही तसेच. कॅनडात बनलेल्या अनेक संचांच्या पॅनेलवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरे आहेत, कारण ते सोव्हिएत सैन्यासाठी बनवले होते. रशियन अक्षरे दिसली म्हणून माल रशियन ठरत नाही.

डेपोचा नंबर वस्तूचे वय सांगत नाही, नोंदीचे सांगतो. तेरा आकडी नंबरात पहिले चार आकडे वर्गाचे आणि पुढचे दोन देशाचे असतात: भारत 72, ब्रिटन 99, जर्मनी 12. ही पद्धत युद्धानंतरची. पण 1943 चा भाग पुढे दुसऱ्या पाकिटात घालून त्यावर नवा नंबर चिकटवला जातो. म्हणून पाकिटाची तारीख आणि भागाची तारीख नेहमी वेगळ्या लिहाव्यात.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. फ्यूज, प्रायमर, बंद नळकांडे, स्प्रिंगवर ताण असलेले काहीही उघडू नये, तापवू नये, घरी नेऊ नये, पोलिसांना कळवावे. एप्रिल 2024 मध्ये जबलपूरजवळ भंगाराच्या एका गोदामात मोठा स्फोट झाला. जिज्ञासा कितीही दांडगी असो, तिची हद्द इथे संपते.

या विद्येने काय साधते, ते कानपूरला दिसले. युद्ध संपल्यावर चकेरीच्या तळावर लिबरेटर बॉम्बफेकी विमाने उडण्याजोगी राहू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून टाकून दिलेली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या पसाऱ्यातून धड भाग ओळखले, निवडले, जुळवले आणि विमाने पुन्हा उडवली. नोव्हेंबर 1948 मध्ये हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली, पुढे पुण्यात सहा नंबरची. 1968 पर्यंत ती सेवेत होती. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधले लिबरेटरही भारतीय हवाई दलाकडूनच गेले आहे. कानपूरच्या त्या फिटरांना मी या शास्त्राचे आद्य आचार्य मानतो.

त्यांच्यासारखी माणसे जबलपुरात अजून आहेत. 1 ऑक्टोबर 2021 रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित झाले, आणि वर सांगितलेले तिन्ही कारखाने आता तीन वेगळ्या कंपन्यांत आहेत. जुन्या शॉपमधून निवृत्त झालेले काका भेटले, तर त्यांच्यापुढे भाग ठेवून लगेच नाव विचारू नका. तो कुठल्या मशिनवर बसला असता, शेजारी कोणता भाग असे, तपासनीस कुठे ठसा मारी, हे विचारा. हातात घेतला की बोटे आपोआप योग्य जागी जातात. ती कुठे गेली तेही टिपून ठेवा.

आणि ढिगातून काही उचलण्याआधी आजूबाजूचा फोटो काढा. त्याच लॉटमध्ये मीटर, हेडफोन, केबल असतील, तर चकतीवाला पितळी तुकडा बहुधा सिग्नलच्या मालातला. एकदा तो उचलून घरी आणला, पॉलिश केला, की ही साक्ष गेली. ब्रासोने तर रंगाचे कण आणि शाईचे आकडेही जातात. वजन, मापे, आटे, ठसे, सापडल्याची जागा, शेजारी काय होते, एवढे लिहून ठेवा. ‘कशाचा’ हा रकाना कोरा राहिला तरी नोंद पक्की धरावी. तो दुसरा कुणीतरी भरेल, कदाचित खडकीच्या किंवा देहूरोडच्या ढिगात त्याचा जोडीदार सापडल्यावर.