मानसिक आजाराच्या गोळीने मान वाकडी झाली तर

हॅलोपेरिडॉलची गोळी किंवा इंजेक्शन सुरू होऊन २-३ दिवस झालेले असतात आणि अचानक पेशंटची मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जीभ आखडते. आपल्या घरांत लगेच कुणीतरी म्हणतं, ‘असर झालाय, आमिलसाहेबांना बोलवा.’ दुआ जरूर करा, पण पेशंटला आधी दवाखान्यात न्या. हा औषधाचाच परिणाम असतो. मेंदूतल्या डोपामाइनचं काम अडतं म्हणून स्नायू आखडतात. प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन दिल्यावर बहुतेकदा थोड्या वेळातच आराम पडतो.

आपण सगळ्यात जास्त चुकतो ते बेचैनी ओळखण्यात. पेशंट बसू शकत नाही, फेऱ्या मारत राहतो. आपल्याला वाटतं, आजार वाढला. मग डोस वाढतो आणि बेचैनीही! खरं तर इथे डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर ते चालत नाही, हे आधीच सांगा.

हात थरथरणं, चाल मंदावणं यावर ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. पण बरेच महिने किंवा वर्षं औषध घेतल्यावर ओठ-जीभ आपोआप हलू लागली, तर हीच गोळी त्रास वाढवू शकते. तिथे टेट्राबेनाझिन किंवा मूळ औषधात बदल, असा विचार होतो.

ताप आणि अंग लाकडासारखं कडक, असं दोन्ही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

एरवी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका, आजार उलटतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.