मारेकरी सांपडला, मालिका हरवली

१९९० सालच्या ८ एप्रिल रोजीं अमेरिकेंतील एबीसी वाहिनीवर ‘ट्विन पीक्स’ ही मालिका सुरू झाली. लॉरा पामर ह्या शाळकरी मुलीचें प्रेत पाण्याकांठीं सांपडतें; तिला कोणीं मारलें, ह्या एकाच प्रश्नानें प्रेक्षकांस खिळवून ठेविलें. डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट ह्या कर्त्यांना उत्तराची घाई नव्हती. वाहिनीला होती! तिच्या आग्रहानें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मारेकरी उघड झाला, आणि माळेंतला दोराच निघाला. उपकथानकें भरकटलीं, प्रक्षेपणास शनिवारची रात्र दिली होती, तीहि गैरसोयीचीच. १९९१ च्या जूनांत मालिका संपली. अखेरचा भाग लिंच यांनीं स्वतः दिग्दर्शित केला व तो आरंभाच्या तोडीचा उतरला. त्यांत अडकलेल्या नायकाची सुटका पाहण्यास मात्र २०१७ साल उजाडावें लागलें.