सांगवीचा इंग्रजीचा मास्तर

जळगावच्या विद्यापीठातून आज कुणी इंग्रजीत एम. ए. झालं, तर त्याच्या पदवीवर बहिणाबाई चौधरींचं नाव असतं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी गाणी उतरून ठेवली, म्हणून ती १९५२ साली छापली गेली. त्यांच्या नावाने शेक्सपिअर शिकल्याचा दाखला! खानदेशातल्या इंग्रजीची गोष्ट तशीच आहे.

पदवीची सोय इथे फार उशिरा आली. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही कॉलेजं निघाली १९४५ मध्ये. त्याआधी मॅट्रिक झालं की ट्रंक आणि वळकटी घेऊन पुणं-मुंबई गाठायची, नाहीतर शेती बघायची.

यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे १९५५ ला मॅट्रिक झाले. जळगावला कॉलेज होतं, तरी ते पुण्याला गेले. फर्ग्युसनमधून बी. ए., डेक्कन कॉलेजातून भाषाशास्त्रात एम. ए. आणि मुंबईतून इंग्रजी साहित्यात आणखी एक एम. ए. पंचविसाव्या वर्षी, १९६३ ला, ‘कोसला’ आली. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो आणि हात हलवत गावी परततो. लेखकाने मात्र त्याच पदव्यांवर पोट भरलं: नगर, धुळे, औरंगाबाद, पुढे लंडन, गोवा. ‘बिढार’पासूनच्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटीलही इंग्रजीचाच प्राध्यापक; नोकऱ्या बदलत बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा. लहान गावांतल्या कॉलेजांमधलं राजकारण, गटबाजी आणि भाड्याच्या खोल्या मराठीत इतक्या बारकाईने क्वचितच आल्या असतील. इंग्रजीत एम. ए. करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासक्रमाआधी हे वाचावं, असं माझं मत.

पुढे याच माणसाने देशीवाद मांडला, इंग्रजी माध्यमाच्या शाळांना विरोध केला. ‘स्वतः इंग्रजीवर जगले आणि आता आम्हाला नको म्हणतात,’ ही तक्रार त्यावर ठरलेली. तक्रारीत तथ्य आहे. मराठी शाळेतून आलेल्या पोराला इंग्रजीची एम. ए. म्हणजे नोकरीचं दार वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. पण नेमाड्यांचं भांडण इंग्रजी वाचण्याशी नव्हतं. आपलं काय चांगलं, काय वाईट, हे इंग्रजीच्या मापाने ठरवण्याशी होतं. आणि हे माप आलं कसं? ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र विभाग १८९४ ला सुरू झाला. हिंदुस्थानातल्या कॉलेजांत ते साहित्य त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवलं जात होतं. साहेबाने घरी मानाचं पान द्यायच्या आधी ते आपल्याकडे धाडलं होतं.

पीएच. डी. आणि डी. लिट. मात्र नेमाड्यांना गावाकडच्या विद्यापीठातूनच मिळाली. १९९० साली निघालेल्या त्या विद्यापीठाचं नाव तेव्हा नुसतं ‘उत्तर महाराष्ट्र’ होतं. बहिणाबाईंचं नाव लागलं ते २०१८ मध्ये.