शीघ्र अणुभट्टीतील इंधनशलाका : तीन घटनांचा बोध

शीघ्र अणुभट्टीच्या सुरक्षिततेचा इतिहास हा बव्हंशी इंधनशलाकेच्या वर्तनाचा इतिहास होय. मंदायक असलेल्या भट्टीत इंधनाची मांडणी साधारणतः अभिक्रियेस अनुकूल अशीच योजलेली असते. ती विस्कटल्यास अभिक्रिया मंदावते. शीघ्र भट्टीत मात्र इंधन परस्परांच्या अधिक निकट आले तर अभिक्रिया वाढते. या भेदाचे गांभीर्य प्रत्यक्ष अनुभवानेच स्पष्ट झाले.

अमेरिकेतील आयडाहो येथील ‘ईबीआर-१’ या भट्टीने २० डिसेंबर १९५१ रोजी विजेचे चार दिवे उजळले. सोडियम व पोटॅशियम यांचा मिश्रधातू हे तिचे शीतक होते. २९ नोव्हेंबर १९५५ रोजी शीतकाचा प्रवाह रोखून प्रयोग चालू असता शक्ती झपाट्याने वाढली. भट्टी तत्काळ बंद करणाऱ्या साधनाऐवजी मंदगती नियंत्रक प्रथम चालविले गेले आणि गाभ्याचा बराच भाग वितळला. तापलेल्या शलाका आतील बाजूस वाकत असल्यामुळे अभिक्रिया वाढत होती, असे पुढे सिद्ध झाले. नंतरच्या गाभ्यातील शलाकांना कण्यांचा आधार देऊन त्यांचे वाकणे रोखताच ही अस्थिरता नाहीशी झाली.

मिशिगनमधील ‘फर्मी-१’ या भट्टीचा अनुभव निराळा. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी झिर्कोनियमचा एक पत्रा निखळून सोडियमच्या मार्गात अडकला व दोन इंधनसंचांचा काही भाग वितळला. विशेष हे की, तो पत्रा अधिक सुरक्षिततेसाठीच मागाहून बसविण्यात आला होता. भट्टी १९७० मध्ये पुन्हा सुरू झाली, परंतु १९७२ मध्ये कायमची थांबली.

पुढे ‘ईबीआर-२’ मध्ये ३ एप्रिल १९८६ रोजी, नियंत्रक शलाका आत न सोडता, पूर्ण शक्तीवर प्रथम पंप बंद करण्यात आले. त्याच दिवशी नंतर उष्णता वाहून नेण्याचा मार्गही तोडण्यात आला. दोन्ही वेळी तापमानवाढीने गाभा प्रसरण पावला, अभिक्रिया आपोआप मंदावली व इंधनास अपाय झाला नाही. धातुरूप इंधनाची उष्णतावाहकता अधिक असल्याने त्यात साठलेली उष्णता अल्प असते, हे या यशाचे एक प्रमुख कारण होय. ऑक्साइड इंधनाचा मध्य फार तप्त असतो. म्हणून हा निष्कर्ष त्यास जसाच्या तसा लागू करता येत नाही.

तात्पर्य, बाहेरून जोडलेल्या साधनांहून इंधनशलाकेचे द्रव्य, आकार व आधार यांतच सुरक्षिततेचे मूळ शोधावे लागते.