जुनी मोटार : अस्सल कागद की बखर?

जुन्या वस्तूंवर मनुष्याचे जे प्रेम असते ते दोन तऱ्हांचे असते. एकास जुनी वस्तू नव्यासारखी करून मिरवावयाची असते; दुसऱ्यास ती जुनी म्हणूनच हवी असते. देवळांच्या बाबतीत ह्या दोन प्रेमांचा झगडा आपण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पाहात आलो आहो. काळ्या पाषाणाच्या गाभाऱ्यास तैलरंग फासला आणि सभामंडपात चकचकीत लाद्या बसविल्या, म्हणजे जीर्णोद्धार झाला असे गावकरी समाधानाने म्हणतात. इतिहासाचा अभ्यासक मात्र रंगाखाली बुजलेल्या अक्षरांसाठी हळहळतो. हाच झगडा आता एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे मोडक्या मोटारींच्या लिलावात, येऊन उभा राहिला आहे. आणि त्यात आम्हीही एकदा चुकीच्या पक्षास जाऊन मिळालो होतो, म्हणून हा लेखप्रपंच.

मोटार म्हणजे काही शिलालेख नव्हे, असे वाचक म्हणतील. म्हणून प्रथम ह्या वाहनाचा आपल्याकडील इतिहास थोडक्यात पाहू. मुंबईत मोटारी अवतरल्या त्या इ. स. १८९८ च्या सुमारास. त्या पहिल्या मोटारींपैकी एक जमशेटजी टाटांची होती असे सांगतात. योगायोग असा, की त्याच १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ह्या योगायोगाकडे आम्ही पुढे वळणारच आहो. १९१९ मध्ये मोटारधारकांची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही संस्था मुंबईत निघाली, आणि १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने शिवडीस मोटारींची जोडणी करणारा कारखाना काढला. त्याच वर्षी शहराच्या उत्तरेस, जुहूच्या किनाऱ्यालगत विमानतळ झाला; आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या ‘पस मॉथ’ विमानाने तेथे उतरले. तेव्हाचे जुहू म्हणजे माडांची रांग, वाळू आणि थोडे बंगले. त्या बंगल्यांच्या आवारात ज्या मोटारी येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यापैकी काही आपल्या मालकांहूनही दीर्घायुषी ठरल्या.

ह्या दीर्घायुष्याचे कारण मोटारप्रेमापेक्षा टंचाईत अधिक आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले; स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची आयात जवळजवळ थांबली; शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद पडला. नवी गाडी मिळणे दुर्घट झाले, तेव्हा जुनी टिकविणे भाग पडले. सुटा भाग मिळेना, तर मिस्त्री तो घडवून देई, नाहीतर चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात दुसऱ्याच कुठल्या गाडीचा शोधून बसवी. १९५८ सालच्या ‘चलती का नाम गाडी’ ह्या चित्रपटात तीन भावांच्या गॅरेजबरोबर १९२८ सालची एक शेव्हरोलेही प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिली, ती उगाच नव्हे. त्या तिघांपैकी किशोरकुमार हे पुढे जुहूचेच रहिवासी झाले. तीस वर्षांची गाडी अजून रस्त्यावर धावते, ह्यात तेव्हाच्या प्रेक्षकांस गंमत वाटली. नवल मात्र वाटले नसावे, कारण तशी एखादी गाडी ज्याच्या त्याच्या आळीत होतीच.

परंतु उपयोगाची वस्तू संग्रहाची वस्तू केव्हा होते? आमच्या मते, तिच्यावर परक्याची नजर पडते तेव्हा. १९६० नंतर परदेशी गिऱ्हाईक संस्थानिकांच्या गाडीखान्यांतील रोल्स रॉइस शोधू लागले. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ सालची ‘स्टार ऑफ इंडिया’ ही प्रसिद्ध गाडी अशीच परदेशी गेली, आणि अनेक वर्षांनी त्याच घराण्याने ती पुन्हा विकत घेतली. १९७१ साली तनखे बंद झाले, तेव्हा असे अनेक गाडीखाने ओस पडले. पुढे सरकारने १९५० पूर्वीच्या मोटारी परदेशी पाठविण्यावर निर्बंध घातले. दरम्यान दिल्लीस ‘स्टेट्समन’ पत्राने १९६४ पासून जुन्या गाड्यांची रॅली भरविण्यास आरंभ केला होता. आणि भंगारवाल्याकडे जावयाची वस्तू हळूहळू वैभवाची वस्तू झाली. २०२० साली मुंबईच्या अस्तगुरु ह्या लिलावगृहाने जुन्या मोटारींचा लिलाव मांडला, आणि १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये फी, मुदत दहा वर्षांची. नोंद नसलेल्या गाडीस ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक, आणि आधीच नोंदलेल्या गाडीस तिचा मूळ क्रमांक राखण्याची मुभा. ह्या शेवटच्या सवलतीचे मोल आम्हांस पुढे एका प्रसंगी कळले.

लिलावात न दुरुस्त झालेली गाडी घेणे हा व्यवहार मोठा विलक्षण असतो. ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ ह्या अटीवर माल विकला जातो. हातोडा पडल्यावर तक्रारीस जागा नाही. जाणते गिऱ्हाईक प्रथम रंग पाहात नाही. ते सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहाते. मग ते खाली वाकून पत्र्यास बोटाने टोकरते, कारण जुहूसारख्या किनाऱ्यावर खारा वारा पत्रा आतून खात असतो आणि वरचा रंग शाबूत दिसतो. जुन्या गाड्यांच्या पत्र्याखाली पुष्कळदा लाकडी चौकट असते. ती कुजली असेल, तर दार उघडताना अंमळ खाली झुकते. इंजिन जाम झालेले असणे हे गृहीतच. एवढे सारे पाहून जी किंमत द्यावी, तिच्या कित्येक पट खर्च पुढे दुरुस्तीस लागतो, आणि गाडी उभी राहावयास वर्षे जातात. तरीही माणसे घेतात. ह्या वेडास आम्ही हसणार नाही. फाटके दप्तर विकत घेऊन वर्षानुवर्षे त्यावर डोळे शिणविणारे लोक आमच्याच व्यवसायात आहेत.

आणि येथेच राजवाडे आठवतात. बखरकार पुष्कळदा घटनेनंतर दीर्घ काळाने लिहितो. त्यास जे शोभून दिसेल ते तो ठेवतो, नको ते वगळतो, आणि विटलेल्या जागी स्वतःचा रंग भरतो. अस्सल पत्र मात्र ओबडधोबड असते, अर्धे कसरीने खाल्लेले असते, पण ते त्या दिवशीचे असते. राजवाड्यांनी आपणांस हा भेद शिकविला. आता लिलावातील गाडीकडे पाहा. अंगावर मूळ रंग, आसनास मूळ कातडे, धुळीने भरलेली, न चालणारी गाडी हा अस्सल कागद होय. तीच गाडी वर्षभराने गॅरेजातून आरशासारखी चमकत बाहेर पडते, तेव्हा पुष्कळदा ती बखर झालेली असते. १९२० च्या आसपासच्या गाड्यांची पितळी वा निकेलची मंद कांती खरवडून तेथे क्रोमचा झगझगाट आणतात. वस्तुतः मोटारींवर क्रोम रुळले ते त्या दशकाच्या अखेरीस. ड्युकोसारखे लवकर वाळणारे रंग १९२३-२४ च्या सुमारास येण्यापूर्वी मोटारीचा रंग कुंचल्याने थरांवर थर देऊन आठवडेच्या आठवडे वाळविला जाई. त्या कुंचल्याच्या रेषा पुट्टीखाली गेल्या, की एका कारागिरीचा पुरावाच नाहीसा होतो. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीही इतकी गुळगुळीत नव्हती!

पाश्चात्त्य देशांत हा विचार आता बराच पुढे गेला आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ ह्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१३ साली ट्यूरिनची सनद मान्य केली. प्राचीन वास्तूंविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी तत्त्वे ठरली, तीच हिने वाहनांस लावली. जतन आणि जीर्णोद्धार ह्यांत भेद केला, आणि नवा बसविलेला भाग नवा म्हणून ओळखता यावा असे सांगितले. २०१५ साली पॅरिसमध्ये बायों घराण्याच्या शेडांत सडत पडलेल्या सुमारे साठ गाड्या लिलावास निघाल्या. त्यांतील धुळीने माखलेल्या एका फेरारीस सुमारे १ कोटी ६३ लाख युरो आले. त्याहून बोलके उदाहरण बुगाटीचे. १९२५ सालची ही गाडी स्वित्झर्लंडमधील माज्जोरे सरोवराच्या तळाशी कित्येक दशके पडून होती. २००९ साली ती वर काढली, तेव्हा तिची एक बाजू गंजाने जवळजवळ खाऊन टाकली होती. पुढल्या वर्षी लिलावात कॅलिफोर्नियातील एका संग्राहकाने ती २,६०,५०० युरोंस घेतली आणि जशीच्या तशी मांडून ठेवली. आणि २०२४ साली अमेरिकेतील पेबल बीचच्या विख्यात प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ गाडीचा मान प्रथमच एका न रंगविलेल्या, जुनीच राखलेल्या गाडीस, १९३४ सालच्या बुगाटीस, मिळाला.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मोटार चालण्यासाठी असते. न चालणारी मोटार म्हणजे प्रेत. कोल्हापुरास दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींची जुनी मायबाख गाडी दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिच्याकडे ज्या कौतुकाने पाहतात ते काचेआड ठेवलेल्या गाडीच्या वाट्यास कधीही येणार नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपालफेरीस पन्नास वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा एकटे कराचीहून निघून जुहूस उतरले. विमान मूळचे नव्हते. ‘लेपर्ड मॉथ’ जातीचे दुसरे होते. म्हणून तो प्रसंग खोटा ठरतो काय? मुळीच नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे दुसरे विमान आहे, ही गोष्ट त्या दिवशी कोणीही लपविली नव्हती. चालविण्यासाठी जे बदलावे लागते ते अवश्य बदलावे. आमचे भांडण बदलण्याशी नाही, बदलल्याची खूण पुसण्याशी आहे.

आता आमच्या चुकीची हकीकत. जुहूस राहणाऱ्या आमच्या एका मित्राने काही वर्षांपूर्वी जुन्या घरगुती सामानाच्या लिलावात १९३० नंतरच्या दशकातील एक मॉरिस गाडी घेतली. आम्ही तिच्याभोवती मोठ्या कौतुकाने फिरलो. पुढील दिव्यांच्या काचा वरच्या अर्ध्या भागात काळ्या रंगविलेल्या होत्या. चालकाच्या दाराची वरची कड कोपर टेकून टेकून उघडी पडली होती. मागील आसनाचे कातडे घरगुती टाक्याने शिवलेले होते. आणि चालकाच्या शेजारी, पायाजवळच्या फळीवर दोन भोके पाडून एक लोखंडी पट्टी ठोकलेली होती, तिचा उपयोग काही केल्या आम्हांस उमगला नाही. मित्राने विचारले, ‘हे काय करावे?’ विद्यार्थ्यांस जुन्या पत्राची एक वेलांटीही बदलू नका असे सांगणारे आम्ही म्हणालो, ‘काय करावयाचे? स्वच्छ करून टाका!’ त्याने केले. काचा घासल्या, दार रंगविले, कातडे नवे घातले, भोके बुजविली. दोन वर्षांनी गाडी निघाली ती नववधूसारखी.

एका रविवारी ती समुद्रालगतच्या रस्त्यावर उभी असता ऐंशीच्या घरातील एक बाई थांबल्या. त्यांनी क्रमांक दोनदा वाचला. गाडी त्यांच्या वडिलांची होती. ते डॉक्टर होते. त्यांनी आत डोकावून पाहिले आणि मित्रास विचारले, ‘नानांच्या औषधांच्या पेटीची पट्टी कुठे गेली हो?’ रात्री-अपरात्री वळणावर पेटी कलंडू नये म्हणून त्यांनी ती स्वतः ठोकली होती. दिव्यांवरचा काळा रंग युद्धातील ब्लॅकआउटचा. युद्ध संपल्यावरही नानांनी तो पुसू दिला नव्हता. आसन आईने शिवले होते. बाई रागावल्या नाहीत. ‘गाडी फार सुंदर केलीत,’ एवढेच म्हणाल्या, आणि क्रमांकाच्या पाटीवरून हात फिरवून निघून गेल्या. साऱ्या गाडीत त्यांच्या ओळखीचे तेवढेच उरले होते.

तेव्हापासून, जुनी गाडी घेणारा कोणी सल्ला विचारील तर आम्ही इतकेच सांगतो. हत्यार लावण्यापूर्वी गाडी वाचा. प्रत्येक डागाचे, ठिगळाचे, भोकाचे छायाचित्र घ्या आणि नोंद करा. पूर्वीचा मालक कोण हे कागदपत्रांवरून शोधा, आणि त्याच्या घरचे कोणी हयात असेल तर पत्रा खरवडण्याआधी त्यास भेटा. काढलेला भाग भंगारात न घालता चिठ्ठी लावून ठेवा. फाटक्या पत्राची प्रत छापताना आपण गळालेली अक्षरे कंसात भरतो, की आपले कोणते आणि मूळचे कोणते हे वाचणाऱ्यास कळावे. मोटारीच्या मिस्त्रीनेही तो कंस घालावा, एवढीच आमची मागणी आहे. आमच्या मित्राने ती लोखंडी पट्टी सुदैवाने फेकली नव्हती. खिळ्यांच्या डब्यात ती सापडली. पुढच्या महिन्यात त्याने ती दोन भोके पुन्हा पाडून घेतली.