मार्गारिटा : घरगुती कृती
टकिला, संत्र्याच्या सालीचे मद्य आणि लिंबूरस यांचे मेक्सिकन मिश्रपेय. टकिला प्रामुख्याने हालिस्को राज्यात निळ्या घायपातापासून गाळली जाते. बाटलीवर ‘१०० टक्के अगेव्ह’ असा उल्लेख नसल्यास ४९ टक्क्यांपर्यंत अन्य साखर वापरलेली असू शकते.

प्रमाण : ५० मिली टकिला, २० मिली ट्रिपल सेक, १५ मिली ताजा लिंबूरस. बर्फ घालून घट्ट झाकणाच्या भांड्यात सुमारे १५ सेकंद जोराने हलवावे व थंड पेल्यात गाळावे. पेल्याच्या निम्म्याच कडेला मीठ लावावे, म्हणजे ते ऐच्छिक राहते.

आंबटगोड चवीमुळे तीव्रता जाणवत नाही. तथापि एका पेल्यात दोन लहान पेगांहून किंचित अधिकच मद्यार्क असतो. म्हणून तो प्यायल्यावर वाहन चालवू नये.