बौद्ध प्रतीके : भोगवर्धन आणि सांची

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील ब्राह्मी दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख येतो. सांचीच्या तोरणांवर मात्र बुद्ध मानवी रूपात नाही. बोधिवृक्षाखालील रिकामे आसन म्हणजे संबोधी, चक्र म्हणजे सारनाथचा पहिला उपदेश, स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. सर्वांत बोलके शिल्प पूर्व तोरणावरील महाभिनिष्क्रमणाचे, म्हणजे सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे. कंथक घोड्याच्या पाठीवर स्वार नाही, वर छत्र मात्र धरलेले. शेवटी पावलांच्या ठशांपाशी सेवक वंदन करतो आणि घोडा छत्राविना परततो. बुद्धमूर्ती निषिद्ध होती म्हणून ही चिन्हे आली, हे जुने मत सर्वमान्य नाही. काही दृश्ये तीर्थस्थळांच्या पूजेचीच असावीत, असेही अभ्यासक मानतात.